बिजल्याच्या पुढं गाडी नाही

स्टेअरिंगवर बसलं की काशाप्पाला उघड्या डोळ्यांनी झोप लागायची. मेंढरांमागं चालत वाढलेला माणूस. जीप घेऊन बारा वर्षं झाली तरी रस्ता त्याला माळासारखाच दिसायचा. आळंदच्या सीटा भरायच्या, मादन हिप्परग्याच्या अलीकडं आपल्या गावातनं हळू निघायचं. तुरीच्या पिवळ्या फुलांवरनं नजर सरकत जायची आणि गाडी आपली आपण चालल्यागत चालायची.

गावातनं हळू, हा कायदा त्याचाच. सन दोन हजारात एका टेंपोनं मेंढरं राखणाऱ्या कोंडाबाईची कोकरं चिरडली. सरकारी पाटीवर तीस लिहिलेलं होतं, पण निम्म्या गाड्यांचे वेगाचे काटे मेलेले. तीस कळावं कुणाला? कट्ट्यावर बैठक बसली तेव्हा काशाप्पाच बोलला, "अक्काच्या बिजल्याच्या पुढं गाडी काढायची न्हाई. कुत्रं मागं पडलं की गुन्हा." दंड असा, की तीन दिवस चावी कोंडाबाईच्या कनवटीला आणि डायवरनं तिच्या मेंढरांमागं चालायचं. बिजल्याला गाडीसंगं पळायची खोडच होती. पहारा फुकटचा.

सहा वर्षांत सगळे सापडले. रविकुमारचा टमटम तर दोनदा. काशाप्पा एकदाही नाही, आणि त्या गोष्टीचा ताठा त्याच्या मानेत दिसायचा.

त्या दिवशी बीरप्पाच्या देवळापाशी रविकुमार रस्त्यात आडवा आला.

"उतरा, वकीलसाहेब."

"कामून? रोजच्याच चालीनं आलो की!"

"कुत्रं कुठं हाय बघ."

बिजल्या पार मागं, रस्त्यात बसून धापा टाकत होता.

कट्ट्यावर माणसं जमली. म्हातारा सिद्धप्पा म्हणाला, "काशाप्पाचं काय चुकलं? गाडीची चाल तीच हाय. कुत्रं म्हातारं झालं."

"व्वा! मला धरलं तवा जवान होतं, त्ये माझं नशीब व्हय?" रविकुमार तडकला.

"अक्का, दुसरं कुत्रं आण. जवान," गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

कोंडाबाई सगळ्यांच्या शेवटी पोचली होती. देवळापासनं कट्टा हाकेच्या अंतरावर, तरी तिला वाटेत दोनदा टेकावं लागलं होतं. ती म्हणाली, "आणते की. आन् तुम्ही मला जवान पाय आणून द्या. मीबी ह्याच रस्त्यानं जाते."

काशाप्पाला सुटायला नुसती मान हलवायची होती. सिद्धप्पाचा शब्द पडलाच होता. त्यानं म्हातारीच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. कुत्र्याच्याही मागनं आलेले पाय.

"घे अक्का," म्हणत त्यानं चावी पुढं केली. "चाल म्हाताऱ्या बिजल्याचीच. आजपासनं समद्यांना."

"तुला मेंढरं वळायचं ध्यानात हाय का, का तिथंबी हारन लागतंय?" म्हातारीनं चावी कनवटीला खोवली.

सकाळी तो कळपामागं निघाला. खुरांची धूळ उन्हात तरंगत होती, घंटांचा आवाज पाण्यातनं आल्यागत येत होता. रोज जिथनं जायचा त्या बांधाला बोराची झाडं होती, हे त्याला आज दिसलं. तेवढ्यात मागं हॉर्न कोकलला. गुलबर्ग्याकडची पांढरी मोटार. असली गाडी कुठलंच कुत्रं धरू शकलं नसतं.

"ओ मियां, हटाव ना बकऱ्यां! टैम हो रा!"

काशाप्पानं काठी उचलली, मेंढरांकडं बघितलं. ती आपली रस्ताभर पसरून चालली होती. त्यानं काठी पुन्हा खांद्यावर आडवी टाकली, आणि मोटार वेशीपर्यंत मागनं मेंढरांच्या चालीनं आली.