खोडलेलं वाचता आलं पाहिजे

माझे साडू विमानांचं दप्तर सांभाळतात. विमान उडवणं, दुरुस्त करणं किंवा त्यात बसणं यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नाही. बसायची तर त्यांना भीतीच वाटते. विमानं ठेवायच्या हँगरच्या कोपऱ्यात एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि मधोमध साडू. कुठलं विमान किती तास उडालं, कुठला भाग कधी बदलला, कोणी बदलला, कोणी तपासला, सगळं तिथे. कागद अपुरा असेल तर विमान कितीही ठणठणीत असो, कायद्याच्या लेखी ते आजारीच. "विमान आधी कागदावर उडतं," असं ते दर जेवणात सांगत आणि आम्ही मुकाट्याने भात कालवत असू.

नोंद चुकली तर ती पुसायची नाही, तिच्यावर पांढरी शाई फासायची नाही, पान तर बदलायचंच नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख. यावरून हँगरमध्ये त्यांना 'एकरेघी मास्तर' नाव पडलं. घरीही तेच. मेहुणीने सामानाच्या यादीतला साबण एकदा गिरगटून खोडला.

"अगं, उद्या कोणी विचारलं इथे आधी काय होतं, तर?"

"साबण होता म्हणून सांगेन. आणि तुमच्याशिवाय विचारणार कोण आहे?"

तर गेल्या महिन्यात मेहुणीचा फोन आला. "भावोजी, जरा येऊन जा. हे तीन दिवस धड जेवत नाहीयेत."

गेलो. साडू खिडकीशी बसले होते. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "काय मास्तर, कोणाची रेघ वाकडी गेली?"

"माझी. मी मारलीच नाही."

मग एकेक बाहेर आलं. दप्तराच्या खोलीबाहेर साडूंच्याच अक्षरात पाटी आहे: 'आत खाण्यापिण्याचे पदार्थ आणू नयेत.' आणि आत, टेबलाच्या खालच्या खणात, गेली अकरा वर्षं त्यांचा चहाचा थर्मास. या थर्मासाने त्याआधी पंधरा दिवस दगा दिला होता. उजव्या चाकाचा ब्रेक बदलल्याची नोंद भिजली. नोंद दादांची होती. दादा म्हणजे हँगरमधले सर्वांत जुने मेकॅनिक. खरं तर काम दहा मिनिटांचं होतं. भिजलेलं पान तसंच ठेवायचं, काय झालं ते लिहायचं आणि मूळ कागद पाहून दादांकडून नवी सही घ्यायची. पण काय झालं ते लिहायचं म्हणजे 'चहा' लिहायचं.

साडूंनी कोरं पान घेतलं, नोंद सुबक अक्षरात उतरवली आणि खाली दादांची सही ठोकली. सव्वीस वर्षं पाहिलेली सही. दादांपेक्षा बरी आली. ब्रेकच्या क्रमांकातला शेवटचा आकडा फुटला होता. तीन की आठ? त्यांनी आठ धरला. त्या ब्रेकचा दाखला मागच्या कपाटात होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. 'मूळ कागद बघा' म्हणून जगाला पिडणाऱ्या माणसाने मूळ कागद बघितला नाही!

तपासणी आली. चाक उघडलं. ब्रेकवर तीन, पुस्तकात आठ. विमान जागच्या जागी थांबलं आणि हँगरच्या साहेबांनी दादांना बोलावलं. दादांनी चष्मा लावला, पान बराच वेळ पाहिलं.

"सही माझीच आहे साहेब. म्हणजे मीच न बघता लिहिलं असणार. वय झालं."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"तिथेच. पुस्तक माझ्याच हातात होतं." साडूंनी मान वर केली नाही. "उद्या दादा मेकॅनिकचा परवाना परत करणार आहेत."

तेवढ्यात मेहुणी आतून एक तपकिरी, कडक झालेला कागद घेऊन आली. "डब्याची पिशवी धुवायला काढली तर हे निघालं. वाळवून ठेवलंय."

साडू दचकले. "फेकलं नाहीस?"

"या घरात कागद फेकायची कोणाची छाती आहे? तुम्हाला तरी कुठे फेकवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून हँगरवर नेलं. साहेबांच्या टेबलावर त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक की साहेबांनी दोनदा "काय?" विचारलं, म्हणून चहाचा भाग तीनदा सांगावा लागला. दादा भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"मास्तर," ते म्हणाले, "चार दिवस मी घरी गॅस बंद केला का ते दोन-दोनदा उठून बघतोय. बायकोला सांगितलं, माझं डोकं गेलं." आणि खिशातून परवान्याचं पाकीट काढून, आत परवाना आहे ना ते बघून परत खिशात ठेवलं. शिव्या परवडल्या असत्या.

चौकशी होईपर्यंत साडूंकडून कपाटांच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्याआधी साहेबांनी त्यांच्याकडून एक दुरुस्ती मात्र करून घेतली. आठावर एक रेघ. त्या सुंदर सहीवर एक रेघ. शेजारी तीन, आणि दादांची खरी सही, वाकडीतिकडी. कारणाच्या रकान्यात साडूंनी लिहिलं: 'माझ्या हातून चहा सांडला. ते लपवण्यासाठी पान नव्याने लिहिले व दुसऱ्याची सही केली.' खाली स्वतःचं पूर्ण नाव. डागाळलेलं पान मागे जोडलं.

परतताना स्कूटरवर मी विचारलं, "हे पान किती दिवस ठेवतात?"

"विमान उडतंय तोवर. मोडीत निघाल्यावरही काही काळ."

पुढच्या सिग्नलला मागून पुन्हा आवाज आला.

"नवंच आहे हो ते विमान."