पंपवाल्याच्या दुकानात आलेली मोटोक्रॉस

किक खाली जातच नव्हती. मी पाय ठेवून अंगाचं सगळं वजन टाकलं, तरी ती जागची हलली नाही. मालवाहू ऑटोतून गाडी नुकतीच उतरवली होती आणि निदान तिथेच झालं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. आमच्या भाषेत, इंजिन सीझ.

"पाह्यलं?" वसंता राठोड म्हणाला. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं. "मैदानावर सराव करून राह्यलतो, फुल रेस पिळलेली. मागचं चाक एकदम लॉक झालं. मेलो असतो आज."

"गाडीत काही केलतं का तू?"

"मी कायले करू? जे केलं ते तू केलं. माह्या बायकोनं तुले गाडी बिघडवाले सांगतलं होतं, समजलं मले. तिनंच भांडणात सांगतलं."

एरवी वसंता मला प्रभाकरभाऊ म्हणतो आणि अहो-जाहो करतो. त्या दिवशी भर रस्त्यात अरे-तुरेवर आला. शेजारच्या चहाटपरीवरची माणसं हातात कप धरून ऐकत होती. मला तेच झोंबलं. शेतकरी माझ्याकडे मशीन ठेवून जातो, तेव्हा आत मी काय करतो हे त्याला दिसत नाही. हा माणूस कोणाच्या सांगण्यावरून मशीन बिघडवतो, अशी एकदा बोलवा झाली की पांढरकवड्यात माझ्या दुकानाची पायरी कोण चढणार?

"उद्या येजो," मी म्हणालो. "वहिनीले घेऊन येजो. तुमच्या दोघाइच्या डोळ्यासमोर इंजिन खोलतो. तोवर एका नटाले हात लावत नाही. माह्यी चूक निघाली तं दुकान बंद करतो. पण नाही निघाली, तं याच टपरीवर उभं राहून सगळ्याइले सांगजो."

"सांगतो ना," वसंता म्हणाला आणि निघून गेला.

आता हे दुकान कसलं, ते सांगतो. माझी पाटी आहे 'फवारणी पंप दुरुस्ती'. कपाशीवर फवारणी करायला पाठीवर घ्यायचे जे इंजिनचे पंप असतात, त्यांतले बरेचसे टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे ज्याच्या पोटात वेगळं ऑइल नसतं असं इंजिन. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि तेच आत जाऊन पिस्टनला गुळगुळीत ठेवतं. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकली गेल्या आणि त्यांचे मिस्त्रीही गेले. पोरांच्या चकचकीत गॅरेजमध्ये आज टू-स्ट्रोक नेली तर ते हसतात. पंपवाले तेवढे उरलो. त्यामुळे वसंताने हैदराबादहून कोणाची तरी वापरलेली सव्वाशे सीसीची मोटोक्रॉस आणली, तेव्हा ती फिरून फिरून माझ्याच दारात आली.

मोटोक्रॉस म्हणजे मातीत, उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायची गाडी. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना नंबर. रस्त्यावर चालवायची सोयच नाही, मैदानापर्यंत दुसऱ्या गाडीत घालून न्यायची. आणि घेणारा कोण, तर एसटीचा ड्रायव्हर, पन्नाशीला टेकलेला, पुढे पोट आलेलं. सगळ्या डेपोनं त्याची टिंगल केली. मीही विचारलं, "हे काहून सुचलं बापा तुले?"

तो म्हणाला, "माह्या बापाची जोडी शंकरपटात पळे. आता घरी बैल राह्यले नाहीत. पण त्याच मैदानावर यंदा पटानंतर मोटरसायकलची रेस ठेवली आहे. बाप पळाला तिथं मले एकदा पळायचं आहे. जिंकाचं नाही, पुरी कराची आहे."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्या मैदानाची माती मीही लहानपणी खाल्ली आहे. दिवाळीनंतर फवारणीचा हंगाम संपतो आणि माझे हात रिकामे असतात. मी गाडी घेतली. इंजिन पूर्ण खोललं. क्रँकचे ऑइल सील घातले, पिस्टन आणि रिंगा नव्या, क्लचच्या प्लेटा नव्या, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली. एअर फिल्टरमध्ये आधीच्या मालकाने अर्धा किलो तेलंगणा भरून ठेवला होता, तो धुतला. पहिली किक मारल्यावर जो आवाज निघाला त्यानं टपरीवाल्याचं दूध उतू गेलं. मी वसंताला बजावलं, लिटरला तीस मिली ऑइल, ना कमी ना जास्त, आणि प्रत्येक वेळी चालवून आणली की फिल्टर धुवायचा.

गाडी त्याच्या हाती देण्याच्या आदल्या दिवशी कमलवहिनी एकट्या दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊजी, असं काही करा का हे मशीन चालूच नाही झालं पाह्यजे. त्याइले सांगा, पार्ट भेटत नाही."

"वहिनी, मी बिघाड काढतो. घालत नाही."

"पाय मोडला तं एसटी ड्युटी देईन का त्याइले? स्टेरिंग सुटलं तं आमी काय खावाचं?"

"मंग त्याले तुमी सांगा. माह्या हातानं नाही होणार."

"सांगून राह्यली ना रोज!" त्या म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण माझ्या पान्ह्याला तसलं काम मी लावणार नव्हतो, मग कोणी पाया पडलं तरी. भांडणात वसंताला कळलं ते एवढंच, की बायको माझ्याकडे आली होती. मी नाही म्हणालो, हे त्याने ऐकूनच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आले, एकमेकांशी न बोलता. वसंताने पेट्रोलची कॅनही आणली होती, मीच निरोप पाठवून मागवली होती. टपरीवरचे चार जण आपणहून ओट्यावर येऊन बसले. मी म्हटलं, बसा. फुकट तमाशा आहे.

लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकत सिलिंडर वर काढला. पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासलं गेलं होतं.

"हे गरम होऊन झालं आहे," मी म्हणालो. "पेट्रोल कमी पडलं का पिस्टन तापते, फुगते आणि चिकटते. पेट्रोल कमी काहून पडलं, ते पाहू."

मग कार्बोरेटर उघडला. त्यात मेन जेट असतो, पितळेचा, आरपार बारीक छिद्राचा. इंजिनात किती पेट्रोल जाणार ते हे छिद्र ठरवतं, आणि छिद्राचा नंबर जेटवर कोरलेला असतो. मी जेट काढून उन्हात धरला. मी बसवलेला नव्हताच तो. कितीतरी बारीक होता.

"वसंता, हा कोणाचा?"

"गाडीसोबत पुडीत आलता तो," तो हळूच म्हणाला. "गाडी लय धूर मारून राह्यलती. प्लग काळाकुट्ट. मोबाइलवर पाह्यलं, पेट्रोल जास्त झालं का असं होते म्हणे. म्हणून बारीक टाकला."

"काल तं म्हणे, मी कायले काही करू?"

ओट्यावरचा एक जण हसला. मी त्याला गप्प केलं, कारण काम अजून संपलं नव्हतं. माझ्याकडून गाडी गेली तेव्हा तिचा धूर नावापुरता होता. मग वाढला कशानं?

मी वर्तमानपत्राचा कागद पसरला. माझ्या बाटलीतलं, मापानं मिसळलेलं पेट्रोल एक थेंब टाकलं. शेजारी वसंताच्या कॅनमधलं एक थेंब. पेट्रोल उडून जातं, ऑइल कागदावर राहतं. थोड्या वेळानं माझ्या थेंबाचा पुसट डाग उरला आणि त्याच्या थेंबाचा भज्याच्या कागदावर पडतो तसला.

"ऑइल पार जास्त आहे यात. धूर त्याचा होता, पेट्रोलचा नाही. छिद्रातून जाणारा माल तेवढाच, त्यात ऑइल वाढलं का पेट्रोल आपोआप घटते. वरून तू छिद्रच बारीक केलं."

"पण मी मापानंच टाकतो!" वसंता ओरडला. "तीस म्हणजे तीस! पोराइची शपथ!"

"ते खरं बोलून राह्यले," कमलवहिनी म्हणाल्या. "वरचं मी टाकलं."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या माझ्या पाटीकडे बोट दाखवत होत्या. पाटीवर दुकानाच्या नावाखाली मीच लाल अक्षरांत लिहून ठेवलं आहे: 'ऑइल कमी टाकू नका. मशीन जाम होईल.'

"हे वाचलं मी त्या दिवशी. तुमी तं नाही म्हटलं. हे तं ऐकतच नाही. मंग जाम झाली आन् पडले तं? म्हणून कॅनमंधी रोज झाकणभर जास्त टाकत होती."

"तूच तं गाडी मोडाले सांगतली होती," वसंता म्हणाला.

"हो, सांगतली होती! अजूनही सांगतो. मोडली तं घरी मोडावं. तुमी वर बसल्यावर नाही."

वसंताने खिशातला रुमाल काढला आणि हाताला न लागलेलं ग्रीस पुसत बसला. वाईट करायला आलेली बाई नाइलाजानं भलं करायला गेली आणि तिला जे आधी हवं होतं तेच होऊन बसलं. नवरा जाता जाता वाचला होता. रागवायचं कोणावर?

थोड्या वेळानं वसंता उठला, टपरीसमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रभाकरभाऊनं गाडी बिघडवली नाही. आमी दोघाइनं बिघडवली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुमच्यानं होईन का भाऊ, रेसपरेंत?"

परत अहो-जाहोवर आला होता. मी म्हणालो, होईल.

सिलिंडर आतून तासून देणाऱ्या यवतमाळच्या बोरिंगवाल्याला तो दाखवला, फक्त मापासाठी. त्याने हातात घेताच सांगितलं, "बोअर मारून देतो, मोठं पिस्टन टाका." आपल्याकडे खरचटलेल्या सिलिंडरचा हाच ठरलेला इलाज, आतून तासायचा. मी म्हटलं, तासायचं नाही. या सिलिंडरच्या आत कडक धातूचा पातळ थर असतो. तासला की थर गेला आणि सिलिंडर भंगारात.

"मंग शोकेसमंधी ठेवा," तो म्हणाला. "असं नाही निघत ते."

मी सिलिंडर परत आणला. संडास धुवायचं ॲसिड घेतलं, नाकाला रुमाल बांधला, हातात रबरी मोजे घातले आणि मोकळ्यावर बसून कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या फासलेल्या ॲल्युमिनियमला लावलं. ते ॲल्युमिनियम खातं, कडक थराला काही करत नाही. लावायचं, फसफसू द्यायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, पुन्हा लावायचं. संध्याकाळपर्यंत खालची मूळ भिंत दिसू लागली. नखाला कुठे लागत नव्हती. पुण्याहून कुरिअरनं पिस्टन आला. माझा जेट जागेवर गेला. माप घालायचा पेला मात्र मी वसंताला दिला नाही. कमलवहिनींच्या हातात दिला.

"यातली ही रेघ," मी म्हणालो. "हिच्या वर नाही, खाली नाही. यापुढं मिसळाचं काम तुमचं."

त्यांनी पेला उजेडात धरून रेघ नीट पाहिली आणि पदरात बांधला.

रेसला नागपूर-चंद्रपूरची पोरं आली होती, एकापेक्षा एक भारी गाड्या. वसंता पहिल्याच वळणाला मागे पडला आणि मागेच राहिला. बाकीचे संपवून हेल्मेट काढून पाणी प्यायला लागले, तरी याची एक फेरी बाकी होती. माइकवरचा माणूस गमतीत म्हणाला, "काका, थकले असान, आता बस करा!" लोक हसले.

कमलवहिनी कठड्यापाशी कॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माइकला ऐकू जाईल असा आवाज काढला, "काहून बस करा? मशीन चालू हाय ना!"

वसंताने फेरी पुरी केली. शेवटून पहिला आला. गाडी पूर्ण रेसमध्ये एकदाही खाकरली नाही. प्लग काढून पाहिला, तर भाजलेल्या विटेच्या रंगाचा, जसा हवा तसा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं. लाल रंगाचा डबा काढला आणि पाटीवरच्या जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली: 'काळजीपोटी जास्तही टाकू नका.'