वस्तरा खाली ठेवून

गल्लीत त्याला सगळे कारागीर म्हणत. दोन खुर्च्यांचं सलून, भिंतभर आरसा, आणि हात जेवढा चाले तेवढंच तोंड. त्या आठवड्यात मात्र तोंडी एकच विषय होता, त्याची सहा वर्षांची लेक बारकी.

बारकी म्हणजे मुलखाची हुशार. लहान पोरांचे केस कापायला कारागीर खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकायचा. त्याच फळीवर बसून ती गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवायची, तोही अग्रलेखासकट! हेडमास्तरांनी तिला एक दिवस चौथीत बसवून पाहिलं आणि निरोप धाडला, "पोरगी पहिलीत कुजतेय. थेट चौथीत घालू. शनिवारी दाढीला येईन तेव्हा काय ते सांगा."

कारागीर स्वतः सातवीत शाळेतून पळालेला. आपलं चुकलं तर लेकीचं नुकसान, या धास्तीने त्याला घास गिळवेना. मग त्याने चार शहाण्या माणसांना विचारायचं ठरवलं. शहाणी माणसं तर रोज आपल्या पायांनी त्याच्या खुर्चीत येऊन बसत होती.

"चौथीतच घालावी म्हणतो," रविवारी पोस्टमनच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत तो म्हणाला.

"घाला, घाला," पोस्टमन ओठ न हलवता म्हणाला. सख्ख्या भावाशीही वाद घालणारे वकीलसाहेब डोळे मिटून "अगदी बरोबर" म्हणाले. झालं, एकमताने ठराव पास!

बुधवारी कारागिराचं मन फिरलं. "छे, एवढीशी पोर. पहिलीतच बरी."

"बरी, बरी," पोस्टमन पुटपुटला. वकीलसाहेब म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हणत होतो?"

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात नर्स. हसता हसता तिला खालीच बसावं लागलं.

"अहो, गळ्याला वस्तरा लावून सल्ला विचारता? कोण नाही म्हणेल? मी सुई उगारली की लोक मलाही सांगतात, सिस्टर, तुमचा हात किती हलका! त्यापेक्षा बारकीलाच विचारा ना."

"विचारलं की. चौथी छान आहे म्हणाली."

"कधी विचारलंत?"

"फळीवर बसवून. कानामागचे केस कापताना."

बायकोने दोन बोटांची कात्री करून त्याच्या कानामागे चालवली. कारागिराने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेतून आल्यावर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. स्वतः खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, तिला मागे स्टुलावर उभं केलं आणि कंगवा हातात दिला. "आज तू कारागीर, मी गिऱ्हाईक. आता खरं सांग, चौथीत कसं वाटलं?"

बारकीने दोन्ही हातांनी त्याचं डोकं सरळ केलं. "मान हलवू नका. गणितं मस्त होती. दोन चुकली."

"चुकली?"

"हो! मजा आली. पण सुट्टीत पकडापकडी खेळताना त्यांनी मला लिंबूटिंबू ठेवलं. पकडलं तरी आउट नाही. एक ताई तर मला कडेवर घेऊनच पळत होती."

"मग पहिलीच बरी म्हणायची."

"तिथे बाई मला विचारतच नाहीत. हात वर केला की म्हणतात, तुला येतं गं, खाली कर. म्हणजे तिथेपण लिंबूटिंबूच." कंगवा थांबला. "बाबा, मला कुणीच का धरत नाही?"

आठवडाभर चालवलेल्या बडबडीची कारागिराला मनापासून लाज वाटली.

शनिवारी हेडमास्तर आले. अर्धी दाढी झाल्यावर कारागिराने वस्तरा खाली ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि हात पाठीमागे बांधले. "सर, गणित आणि वाचन चौथीत. बाकी सगळं पहिलीत, खेळ तर पहिलीतच. जिथे चुकता येतं तिथे शिकू दे, जिथे आउट होता येतं तिथे खेळू दे."

"आणि वेळापत्रकाचं काय? असलं काही आमच्या शाळेत आजवर झालेलं नाही!" हेडमास्तर फेस उडवत कडाडले.

कारागिराला केवढा आनंद झाला! आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला नाही म्हटलं होतं. दोघे अर्धा तास तावातावाने भांडले, फेस गालावर वाळून गेला. शेवटी हेडमास्तरच म्हणाले, "महिनाभर करून बघू. आता पुन्हा साबण लावा."

पुढच्या बुधवारी वकीलसाहेब खुर्चीत होते. शाळा सुटली होती. बारकी धापा टाकत आत घुसली, गुडघा खरचटलेला, तोंड लालबुंद. "बाबा, मी आउट झाले! पहिल्याच डावात!"

"अरेरे, वाईट झालं," वकीलसाहेब म्हणाले. मग कारागिराचा चेहरा आरशात पाहून घाईघाईने म्हणाले, "म्हणजे, चांगलं झालं!"

कारागिराचे डोळे भरून आले होते. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि लेकीला उचलून घ्यायला वाकला.

"कडेवर नको," बारकी मागे सरकत म्हणाली. "सगळे बाहेर थांबलेत. माझ्यावर राज्य आहे!" आणि ती पळाली.