नानांचे आफ्टरवर्ड्स आणि दहाव्याचा कावळा

आई जाऊन महिना झाला. आता सांगायला हरकत नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही भाटघरला राहायचो. ते रोज चालत जात-येत. पुढं व्हायच्या गोष्टींसाठी इंग्रजीत किती शब्द आहेत, याचं त्यांना फार कौतुक. सून, लेटर, आफ्टरवर्ड्स, इव्हेंच्युअली. वर्गात ते मुलांकडून घोकून घ्यायचे आणि घरी स्वतः वापरायचे. कौलं कधी शाकारणार? "सून." मराठीत 'बघू' म्हटलं असतं तर आई भांडली असती. इंग्रजीपुढं तिचा इलाज नव्हता. पण अर्थ तिला अनुभवानं कळले होते. 'सून' म्हणजे पाऊस चुलीत गळायला लागल्यावर. 'लेटर' म्हणजे दिवाळीनंतर, झालं तर. 'आफ्टरवर्ड्स' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी करावं. आणि 'इव्हेंच्युअली' म्हणजे आपण सगळे मेल्यावर.

माझी मराठी सातवी झाली होती. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं माझ्या मनात होतं. विचारलं तेव्हा नाना पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "आफ्टरवर्ड्स." त्याच वर्षी चैत्रात ताप येऊन ते गेले.

आता सगळं चुलत्यांच्या हाती. नानांचे हे धाकटे भाऊ शेती बघायचे, आणि माझ्यासाठी वरवे गावचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजायचं, आणि कुणीतरी ती पुरी करायचा शब्द मोठ्यानं द्यायचा. कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नव्हती. ऊन चढलेलं. आई नानांची काळी छत्री उघडून पिंडांजवळ बसली, मी तिला चिकटून.

चुलते हात जोडून म्हणाले, "दादा, काळजी करू नका. बैल इकत न्हाई."

कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि पुन्हा उंबरावर जाऊन बसला.

"वैनीला अंतर देत न्हाई."

पुन्हा तेच.

"मास्तरांचा कावळा हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "लेटर म्हणत आसंल."

आई पदराआडून बोलली, "भावजी, पोरीच्या शाळंचं ऱ्हायलंय त्यांचं."

"शिकवू की. पुढंमागं बघू."

कावळा फांदीवरून हललाही नाही.

"आरं, पुढंमागं ऐकून कावळ्याचं प्वाट भरतंय व्हय?" एक म्हातारा खेकसला. "नीट सांग. तिकडं आमटी निवाय लागली."

"बरं, दिवाळीनंतर."

कावळा खाली आला आणि बिचकून उडाला. चुलत्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटी ते ओरडले, "येत्या जूनात धाडतो पोरीला पुण्याला! मी सोता नेऊन सोडतो! आता तरी खा की!"

आईनं छत्री मिटली.

तेवढा वेळ तिचं काय चाललं होतं ते मलाच दिसत होतं. कावळा जवळ आला की तिचं मनगट हलायचं आणि छत्री गर्रकन फिरायची. आता भुकेले कावळे चारी बाजूंनी पिंडांवर तुटून पडले. "शिवला, शिवला!" करत मंडळी पंगतीकडं पळाली. मी आईकडं पाहिलं. ती रडत होती, अगदी खरंखुरं. रडता रडताच मला कोपरानं ढोसून म्हणाली, "खाली बघ."

जूनात चुलत्यांनी मला मोटारीनं पुण्याला नेलं. वाटेत शेजारच्या उतारूला ते सांगत होते, पोरीला शिकवायची माझ्या भावाची शेवटची इच्छा होती. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी बाहेर बघत राहिले. नानांची तशी इच्छा होती की नव्हती, मला कधीच कळलं नाही. आईला ठाऊक असावं. तिला विचारायचं राहून गेलं.