कॉफीच्या रांगेची फाईल

लिहायला शिकवणारा विषय सक्तीचा आहे म्हटल्यावर मला हसूच आलं. मी पुण्यात इंजिनिअर झालेला माणूस, आणि सिडनीत मला परिच्छेद पाडायला शिकवणार! तेही लॉकडाऊनमध्ये, वेंटवर्थव्हिलच्या खोलीत, पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन. झूमवर बाई सांगायच्या, आधी बघा, मग टिपा, मग लिहा. मी कॅमेरा बंद करून चहा प्यायचो. पहिल्या सेमिस्टरला नापास झालो तेव्हा शिव्याही बाईंनाच घातल्या. दुसऱ्यांदा नापास झालो असतो तर युनिव्हर्सिटीतून नाव कटलं असतं आणि पाठोपाठ व्हिसा. तरी माज काही उतरला नव्हता.

असाइनमेंट काय, तर एखाद्या सार्वजनिक जागेकडे तासभर बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. हा काय संशोधनाचा प्रकार झाला? बालवाडीतली पोरंसुद्धा करतील. मी सूचनांचा कागद पुरता वाचलाही नाही, सरळ दादाला फोन लावला.

दादा म्हणजे इथल्या बुद्धविहारात ओळख झालेला. माझ्या सहा वर्षं आधी आला, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी झाला, पॅरामॅटाला बँकेत आहे म्हणून सगळ्यांना ऐकवायचा. त्याच्याकडे प्रत्येक विषयाची फाईल होती. आपल्याकडे सबमिशन असंच होतं ना, सीनियरची फाईल घ्यायची आणि छापायची. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी निम्मे प्रयोग न करताच त्यांचे निष्कर्ष लिहिले होते, सुवाच्य अक्षरात. दादाची फाईल होती पॅरामॅटातल्या ऑफिसवाल्यांच्या दुपारच्या कॉफीच्या रांगेवर. मी शब्द इकडचे तिकडे केले आणि पाठवून मोकळा झालो.

बाईंनी एकट्याला झूमवर बोलावलं.

“ही रांग कधी पाहिलीस?”

“गेल्या मंगळवारी.”

“ऑफिसं तर बंद आहेत.”

“थोडी माणसं होती.”

“तू चाळीस लिहिलीत.”

लॉकडाऊनमध्ये चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली होती मी! बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत स्वतः बघून लिही, नाहीतर मला वर कळवावं लागेल. खिडकीतून बघितलं तरी चालेल, हे सूचनांमध्ये पहिल्याच ओळीत होतं.

बसलो खिडकीत, चरफडत. समोर इंडियन ग्रोसरीचं दुकान. काय डोंबल दिसणार होतं? दाराशी मास्क लावलेला एक माणूस, हातात स्प्रेची बाटली. गिऱ्हाइकाने ट्रॉली सोडली की दांडा पुसायचा, पुढच्याला द्यायची. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, थँक्यूही म्हणत नव्हतं. पाऊण तासाने त्याने पाणी प्यायला मास्क खाली केला.

दादा!

मला आधी हसू फुटलं. बँक म्हणे! मग त्याने मान वर केली आणि मी झटकन पडदा ओढला. पडद्याआड दबा धरून बसलो तेव्हा मला माझी किळस आली. ज्याच्या फाईलवर मी फुकट पास व्हायला निघालो होतो, त्यालाच हसत होतो.

सगळं लिहिलं. स्प्रे, ट्रॉल्या, त्याचं बँकेचं सांगणं, माझं हसणं, तो पडदासुद्धा. काठावर का होईना, पास झालो. जुनी फाईल पकडली गेली, नवी स्वतः लिहावी लागली, एवढंच दादाला मेसेजवर कळवलं.

आठवड्याने दादाचा फोन.

“सुटलास ना? मग तुझी ती नवी फाईल पाठव. माझी जुनी झाली, रांगाबिंगा राहिल्यात कुठे आता. पुढच्या पोरांना लागेल.”

“डिलीट झाली, दादा.”

“गाढवा, लिहिलेलं कोणी डिलीट करतं का? सहा महिन्यांत काही म्हणता काही शिकला नाहीस तू.”

फोनवर त्याच्या मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, ट्रॉली खतम हो गयी, जल्दी ला.

“चल, मीटिंग आहे,” दादा म्हणाला.

“हो दादा,” मी म्हटलं, “तू जा मीटिंगला.”