उशीचा उडालेला रंग

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात गोंदियाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर एका जेलचे नाव लिहिले आणि ते किती घ्यायचे हे आपल्या बोटाच्या पेरावर नखाने दाखवले. "चने की दाल जितना, बेटा. बस. और धूप से बचना." मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मी कूस बदलली तरी गालांवरच्या मुरुमांत ठणका उठे, आणि तो थांबावा एवढेच मला हवे होते.

घरच्यांना हवे होते ते निराळे. धान निघाले की तिरोड्याकडचे पाहुणे मला पाहायला येणार होते. मला एम. ए.साठी नागपूरला जायचे होते. बाबांनी नाही म्हटले नव्हते. "पाहुणे का म्हणतेत ते पाहू, मंग ठरवू," एवढेच ते म्हणाले होते. म्हणजे माझे नागपूर माझ्या गालांवर अवलंबून होते: ते पाहुण्यांना पसंत पडले नाहीत तरच.

उन्हापासून जपायचे म्हणून गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या घरातली मागची खोली मला मिळाली. खिडकीला आईचे जुने लुगडे लावले गेले. त्यातून गाळून येणारा उजेड पिकल्या पपईच्या रंगाचा होता. बाहेर कापणीला निघालेल्या बायांच्या बांगड्या, विळ्यांचा खणखणाट, दूरच्या राइस मिलमधून येणारा उकडलेल्या धानाचा ओलसर, गोडूस वास. सारे माझ्यापर्यंत येई, मी कशापर्यंतच जात नसे. रात्री जेल लावले की आधी गार वाटे, मग कातडी हळूहळू आवळत जाई, जणू कोणी आतून चेहऱ्याला टाके घालत आहे.

एका सकाळी मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, अंथरूण आवरायला आली. घरात शब्द तिचाच चाले. तिने माझी उशी उचलली आणि दारातल्या उजेडात धरली. निळ्या अभ्र्यावर जिथे माझा गाल टेकत असे, तिथे पांढरे डाग पडले होते.

"पाह्य वो," ती आईला म्हणाली, "रंग खाल्ला या मलमानं."

"अभ्रा खराब झाला ना मंग," आई म्हणाली.

"अभ्र्याचं काय घेऊन बसली? कपड्याचा रंग खाते, तं तोंडाचा काऊन नाही खाणार?"

आई आधी हसली, मग हसायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. आमच्या घराण्यात मी सर्वांत सावळी.

त्या रात्रीपासून जेल आई लावू लागली. कपाळापासून गळ्यापर्यंत, भाकरीला तूप लावावे तसे. डॉक्टरांनी डाळीएवढे सांगितल्याची मी आठवण दिली, तेव्हा मोठी माय दारातूनच म्हणाली, "डॉक्टरच्या पोरीले पाहायले येऊन राहिले का कोणी?"

पाहुणे आले तोवर माझा चेहरा लालबुंद झाला होता. ओठांच्या कडा चिरल्या होत्या. आईने वरून पावडर लावली. ती सुटलेल्या सालींवर पिठासारखी बसली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. मुलाच्या आईने बशी हातात घेतली आणि चमचा तसाच ठेवला.

"माता आली का वो पोरीले?" तिला त्या कांजिण्या वाटल्या.

"नाही जी. औषधानं जरा..." आई अडखळली.

"बरी होऊ द्या. आम्हाले घाई नाही. होळीनंतर येतो."

जळत्या चेहऱ्याआड मला मोकळा श्वास मिळाल्यासारखे झाले, पण क्षणभरच. त्यांनी नकार दिला नव्हता.

डॉक्टरांनी काही दिवस सारे बंद करून पुन्हा डाळीएवढ्यावर आणले. आता ट्यूब मोठ्या मायच्या कपाटात असे. रोज सकाळी ती माझी हनुवटी धरून मला दारात नेई, चेहरा उजेडाकडे वळवी आणि बाजारात वांगी पाहावीत तशी पाही. "सुधरून राहिली," ती आईला सांगे. कातडी नवी येत होती, मऊ, गुलाबी. बोट फिरवले की सुख वाटे, आणि त्याच बोटाखाली मला भीतीही वाटे. ठणका जावा असे मला मनापासून वाटत होते. पण तो गेला की पाहुणे येणार होते. एकेक गाठ विरत गेली, आणि प्रत्येक गाठीबरोबर मला एक दार लोटल्याचा आवाज येत राहिला.

होळीनंतर ते आले. मुलाच्या आईने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. ती पकड मला ओळखीची होती. जाताना त्यांनी होकार दिला.

रात्री मी ट्यूब मागितली.

"आता कायले?" आई म्हणाली. "पाहून गेले ना."

"बंद केलं तर मुरुम परत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"येऊ दे," मोठी माय म्हणाली. "आता तिकडच्या घरी येतील. तिकडचेच पाहून घेतील."

सगळे हसले. बाबाही हसले, आणि मीही. त्या हसण्यात लग्नाच्या महिन्याची बोलणी सुरू झाली, मंडप कोणाकडून, वरातीची गाडी कोणाची. नागपूरचे नाव कोणी काढले नाही. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी माझ्या स्वच्छ गालांकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली.