सतरा नंबरचा फॉर्म

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, माझ्या वडिलांपाशी, अण्णांपाशी नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. ती, माझी पारूआत्या, गेल्या वर्षी गेली. उद्या तिचं वर्षश्राद्ध. घरात बोलकी मी, म्हणून चार शब्द बोलायचं काम अण्णांनी माझ्यावर टाकलंय. सकाळी लिहायला बसले. 'लाडकी आत्या, थोरली बहीण, जिवाभावाची मैत्रीण' इतकं लिहिलं आणि पेन अडलं. यातलं काहीही खोटं नाही. मग का अडावं?

तुमच्याजवळ आधी बोलून घेते. उद्या जीभ अडखळायला नको.

मी शाळेत गणित शिकवते. पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापते, त्यावरून पोरं मला नावंही ठेवतात. तेव्हा इथंही पायरी गाळायची नाही — कितीही वाटलं तरी.

पारूआत्या अण्णांची सख्खी थोरली बहीण. नातेपुत्याजवळच्या आमच्या गावात ती सातवीपर्यंत शिकली, वर्गात पहिली यायची. मग तिला मेंढरांमागं धाडलं आणि अण्णांना शाळेत ठेवलं. लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, आणि ती सोलापुरात आमच्याकडे आली ती कायमची. अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची. कॉलर तिच्या हातची. रस्त्यानं शाळेची पोरं चालली की ती आधी त्यांच्या मानेकडे बघायची आणि कुणाची कॉलर वाकडी बसली असेल तर दिवसभर हळहळायची.

माझ्या आईची तब्येत तोळामासा. त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझी भांडणं, सगळं आत्याकडे. संध्याकाळी मी मोठ्यानं अभ्यास करायचे आणि ती शेजारी बसून बटणं लावायची. मला वाटायचं, ती नुसती सोबतीला बसते. नववीच्या सुट्टीत एकदा बीजगणितापुढे मी रडकुंडीला आले होते. आत्यानं वही ओढली, कॉलरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलनं काहीतरी केलं आणि उत्तर मला दाखवलं. बरोबर होतं. मग दुसरं, मग तिसरं. मी पुस्तकामागची उत्तरं पुन्हा ताडून बघितली. ती मात्र खाली बघत होती.

"मी बी दिऊ का गं धाव्वीची परीक्षा? हसू नगंस."

मी हसले नाही. खरंच नाही. मीच शाळेत विचारून आले — बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, मूळ शाळेचा दाखला जोडावा लागतो, आणि फॉर्म आमच्याच शाळेत घेतात. आत्या एसटीनं दोनदा गावाकडे जाऊन आली. पहिल्या खेपेला हेडमास्तर रजेवर, दुसऱ्या खेपेला दाखला मिळाला. तो तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर फडक्यात गुंडाळून आणला. मग अण्णा जेवताना म्हणाले, अक्का तुझ्याआधी पास होणार बघ. अण्णा गमतीनं म्हणाले. आई हसली, आत्या लाजली.

मला काय झालं तेव्हा?

मैत्रिणी चिडवतील म्हणून मी घाबरले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. चिडवलंही असतं त्यांनी — आमच्याच वर्गांत, आमच्याच बाकांवर माझी अडतीस वर्षांची आत्या, डोक्यावर पदर घेऊन. पण ते कारण दुय्यम. खरं सांगू? मला ती पुढे जाईल याची भीती वाटली. तिला न शिकता येत होतं ते मला शिकवण्या लावून येत नव्हतं. माझ्या दहावीच्या वर्षात घरात दुसरी कुणी दहावीला नको होती. जिनं मला हातावर वाढवलं तिचा मी मत्सर केला. आपण म्हणतो ना, खाल्ल्या घरचे वासे मोजणं — ते काय असतं ते मला पंधराव्या वर्षीच कळलं.

गणवेशाच्या कारखान्यात तेव्हा हंगाम चालू. शाळा उघडल्या तरी ऑर्डरी संपत नव्हत्या आणि रजा मिळत नव्हती. म्हणून आत्यानं फॉर्म आणि दाखला माझ्या हातात दिला. तू जातीसच की रोज, म्हणाली. मी ते दोन्ही कागद भूगोलाच्या नकाशाच्या पुस्तकात ठेवले. रोज शाळेत न्यायचे आणि रोज परत आणायचे. शेवटची तारीख गेली त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आत्या हंडे भरत होती. मी दारात उभं राहून म्हणाले, वयाची अट आहे म्हणे, तिशीच्या पुढचं कुणाला घेत नाहीत.

अशी कुठलीच अट नव्हती. आजही नाही. तीस हा आकडा मी दारात उभ्या उभ्या बनवला.

आत्यानं भरलेला हंडा कडेला ठेवला. "व्हय? मग ऱ्हाऊ दे. कायदाच हाय म्हटल्यावर काय करायचं," म्हणाली. दाखल्याचं विचारलं, तर मी सांगितलं की तो ते ठेवून घेतात. एकदा सुरुवात केल्यावर दुसरं खोटं किती सोपं जातं!

त्या वर्षी ती रोज माझ्याशेजारी बसली. प्रत्येक गणित तिनं आधी समजून घेतलं आणि मला समजावलं. मला गणितात जे मार्क पडले ते तिचे होते. निकालाच्या दिवशी तिनं सगळ्या कारखान्यात पेढे वाटले. मी तिच्याबरोबर मशीन-मशीनपुढे फिरले, सगळ्यांच्या पाया पडले आणि सगळ्यांचे आशीर्वाद घेतले.

इथवरच असतं तर कदाचित मी हे मनात ठेवूनच मेले असते. पण गेल्या वर्षी, आत्याच्या दहाव्याला, नरसम्मा आली. कारखान्यात तिची मशीन आत्याच्या मशीनला लागून. विणकरांच्या घरातली बाई, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि तीस वर्षं आत्याच्या डब्यातली शेंगाचटणी खाल्लेली. सगळ्यांसमोर ती आत्याचं कौतुक करत होती. म्हणाली, पारूबाईनं कधी कुणाला खोट्या आशेवर ठेवलं नाही. कारखान्यात कुणी परीक्षेचं नाव काढलं की पारूबाई आधी वय विचारायची. तिशीच्या आतल्या पोरींच्या मागे लागून तिनं फॉर्म भरायला लावले, त्यातल्या दोघी पास झाल्या. तिशीच्या पुढच्यांना मात्र हेलपाटे घालू दिले नाहीत.

"मला एकतीस होतं," नरसम्मा म्हणाली. "एका वर्षानं हुकलं बघा."

हे बोलून ती हसली. तिच्यापासून दोन हातांवर मी बसले होते. तिच्यासारख्या आणखी किती, ते तिलाही सांगता येणार नाही. माझं खोटं आत्यानं खरेपणानं वाटलं — जसे माझे पेढे वाटले, तसंच. पास झालेल्या त्या दोघी तिच्या, माझ्या नव्हेत. माझी ती एकतीस वर्षांची नरसम्मा. आणि मी त्या दिवशीही गप्प बसले. आमच्या शाळेत सतरा नंबरचे फॉर्म गेली नऊ वर्षं माझ्याच टेबलावर तपासायला येतात. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बाया येतात, दबकत विचारतात, वय चालेल का मॅडम? चालेल, मी म्हणते. प्रत्येकीला म्हणते. जिला म्हणायचं होतं ती तेव्हा चार गल्ल्या पलीकडे कॉलर शिवत होती, आणि रविवारी मी तिच्या हातचं जेवायला जात होते. नऊ वर्षांत एक रविवार सापडला नाही मला?

सकाळचा तो कागद मी फाडून टाकला. उद्या अण्णा असतील, ते आता सत्तरीला आले आहेत आणि अक्कानं आपल्यासाठी शाळा सोडली ही सल अजून उराशी धरून आहेत. नरसम्मा असेल, कारखान्यातल्या बाया असतील. त्यांच्यासमोर उभी राहून मी सगळं सांगणार आहे. जेवणं व्हायच्या आधी सांगणार आहे, म्हणजे ज्यांना उठून जायचं असेल त्यांना जाता येईल. नरसम्मासाठी कोरा फॉर्म न्यावा असं मनात आलं होतं. नेणार नाही. तशी अट कधीच नव्हती, एवढंच तिच्याकडे बघून सांगेन. पुढचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

दाखला माझ्याकडेच आहे. इतकी वर्षं माझ्या पदवीच्या कागदांखाली होता, आज बाहेर काढला. फडकं विरलंय, अक्षर शाबूत आहे. नाव, गाव, इयत्ता सातवी. प्रगती — उत्तम. वर्तणूक — चांगली. शाळा सोडण्याचं कारण — घरची अडचण.

हे पहिल्यांदा शाळा सोडल्याचं कारण. दुसऱ्यांदा तिची शाळा का सुटली ते कुठल्याच कागदावर नाही. ते मी आहे.